मिरर उतरवताना काय घ्यायचं, काय वगळायचं

कॉलेजची संगणक प्रयोगशाळा असो, छोटी कंपनी असो की बाहेरच्या इंटरनेटशी जोडायला मनाई असलेलं कार्यालय असो, लिनक्सवर चालणारे तीस-चाळीस संगणक एका ठिकाणी आले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. प्रत्येक संगणकाने तीच ती पॅकेजेस पुन्हा पुन्हा बाहेरून उतरवण्यापेक्षा रिपॉझिटरीची एक प्रत, म्हणजे मिरर, आपल्याच सर्व्हरवर ठेवली तर? आणि ठेवायचीच असेल तर सगळी कशाला, लागेल तेवढीच का नाही? प्रश्न रास्त आहे. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ मध्ये, म्हणजे ‘बुकवर्म’मध्ये, ६४,४१९ पॅकेजेस होती आणि ती नऊ आर्किटेक्चरसाठी तयार केलेली होती. आर्किटेक्चर म्हणजे प्रोसेसरचं घराणं. इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या ६४-बिट संगणकांसाठी ‘एएमडी६४’, रास्पबेरी पायसारख्या बोर्डांसाठी ‘आर्म६४’, आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी ‘एस३९०एक्स’, अशी ती घराणी. ज्या प्रयोगशाळेत एकही मेनफ्रेम नाही तिथे मेनफ्रेमची पॅकेजेस आणून ठेवण्यात अर्थ नाही. पूर्ण प्रत काही टेराबाइटची होते, आणि त्यातला बराच भाग आपल्याकडे कोणी कधी उघडणारही नसतो.

म्हणून मिरर उतरवणाऱ्या बहुतेक साधनांत दोन प्रकारचे नियम लिहिण्याची सोय असते. ‘एक्सक्लूड’ म्हणजे हे वगळा, ‘इन्क्लूड’ म्हणजे हे घ्या. नियम दिसायला सोपे असतात, पण चुकले तर लगेच कळत नाही. सिंक व्यवस्थित संपतं, पडद्यावर एकही तक्रार उमटत नाही, आणि काही आठवड्यांनी एखाद्या संगणकावर अपडेट अडकतं. तोवर नियम कोणी लिहिला आणि कशासाठी, हे विसरलेलं असतं. या प्रकरणाचं म्हणणं असं आहे की रिपॉझिटरी ज्या रेषांवर मुळातच विभागलेली आहे त्या रेषांवरून वगळलं तर ते सुरक्षित असतं, आणि त्या रेषा ओलांडून पॅकेजांच्या नावांवर कात्री चालवली तर मिरर आज ना उद्या मोडतो. हे का, ते समजण्यासाठी आधी रिपॉझिटरीची रचना पाहू. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

१. पूल आणि डिस्ट्स

डेबियनच्या रिपॉझिटरीत दोन फोल्डर महत्त्वाचे. ‘पूल’मध्ये प्रत्यक्ष पॅकेजेस असतात आणि ‘डिस्ट्स’मध्ये त्यांच्या याद्या. पूलमधली मांडणी ज्या सोर्समधून पॅकेज तयार झालं त्या सोर्सच्या नावाने असते. सुरक्षित जोडणीसाठी लागणारी ‘लिबएसएसएल३’ ही लायब्ररी शोधायची तर ती ‘एल’च्या फोल्डरमध्ये सापडणार नाही, ती ‘पूल/मेन/ओ/ओपनएसएसएल’ इथे असते, कारण तिचा सोर्स ओपनएसएसएल आहे. फाइलच्या नावात तीन गोष्टी अंडरस्कोरने जोडलेल्या असतात: पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि आर्किटेक्चर. शेवटी ‘.डेब’. जी पॅकेजेस कुठल्याही प्रोसेसरवर चालतात, उदाहरणार्थ फॉण्ट, कागदपत्रं किंवा निव्वळ पायथनमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम, त्यांच्या नावात आर्किटेक्चरच्या जागी ‘ऑल’ असतं.

यात एक गोष्ट आहे जी नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही, आणि पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. पूलमध्ये रिलीजनुसार फोल्डर नसतात. बुकवर्मची, त्यानंतरच्या ‘ट्रिक्सी’ची (डेबियन १३) आणि चाचणीतल्या आवृत्तीची ओपनएसएसएल पॅकेजेस एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पडलेली असतात, आणि फाइलच्या नावात बुकवर्म किंवा ट्रिक्सी असा शब्द नेमाने येत नाही. एकच फाइल दोन रिलीजमध्ये सामायिक असू शकते. तशा फाइली पुष्कळ असतात. त्यामुळे कुठली फाइल कुठल्या रिलीजची, हे तिच्या नावावरून किंवा जागेवरून ठरवता येत नाही. ते ठरतं डिस्ट्समधल्या यादीवरून.

ती यादी ‘पॅकेजेस’ नावाच्या फाइलीत असते. प्रत्येक रिलीज, प्रत्येक विभाग (उदाहरणार्थ ‘मेन’) आणि प्रत्येक आर्किटेक्चर यांच्यासाठी वेगळी. तिच्यात दर पॅकेजमागे नाव, आवृत्ती, ते चालायला आणखी काय लागतं, पूलमधला पत्ता, आकार आणि फाइलीच्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक पडताळणी-आकडा, म्हणजे चेकसम, अशी नोंद असते. या सगळ्या याद्यांचे चेकसम पुन्हा ‘रिलीज’ नावाच्या फाइलीत असतात आणि तिच्यावर डेबियनची डिजिटल सही असते. तुमचा संगणक अपडेट करतो तेव्हा ‘एपीटी’ हा पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम ही सही आधी तपासतो, सहीवरून यादी तपासतो आणि यादीवरून पॅकेज तपासतो. एक अक्षर जरी बदललं तरी साखळी तुटते. इंटरनेटवरच्या कुठल्याही परक्या मिररवरून पॅकेजेस निर्धास्त घेता येतात ती या साखळीमुळेच.

याचा मिररवर होणारा परिणाम सरळ आहे. आपण पूलमधली एखादी फाइल वगळली तरी तिची नोंद यादीत तशीच राहते. नोंद खोडायला गेलो तर चेकसम बदलतो, सही जुळत नाही आणि एपीटी सगळी यादीच नाकारतो. म्हणजे साध्या नकलेवर आधारलेला मिरर जे आपल्याकडे नाही तेही आहे म्हणून सांगत राहतो. संगणक ती फाइल मागतो तेव्हा सर्व्हर ‘४०४’ म्हणजे ‘सापडली नाही’ असं उत्तर देतो. वगळण्याच्या प्रत्येक नियमाने यादी आणि माल यांच्यात अशी फट पडते. ती कुठे पडली तर कोणाला बाधत नाही आणि कुठे बाधते, हे आपण नियम लिहिण्याआधी ठरवायला हवं.

२. आरसिंक नियम कसे वाचतो

रिपॉझिटरीच्या नकलेसाठी सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वाधिक भरवशाचं साधन म्हणजे आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ साली प्रसिद्ध केलं. दोन्हीकडच्या फाइली ताडून फक्त बदललेला भाग ओढून आणणं ही त्याची खासियत. डेबियनचे अधिकृत मिररही याच साधनावर चालतात.

आरसिंकच्या नियमांचा स्वभाव तीन वाक्यांत सांगता येतो. प्रत्येक फाइलीसाठी नियमांची यादी वरून खाली वाचली जाते. जो नियम पहिल्यांदा लागू पडतो तो निकाल देतो आणि पुढचे नियम वाचलेच जात नाहीत. एकही नियम लागू पडला नाही तर फाइल आणली जाते. या तिसऱ्या वाक्याकडे फार दुर्लक्ष होतं. नुसते दहा इन्क्लूड लिहून ‘एवढंच आण’ असं आपण सांगितलं, असं अनेकांना वाटतं; प्रत्यक्षात त्या दहा नियमांनी काहीच बदललेलं नसतं, कारण बाकी सगळंही येतच राहतं. इन्क्लूडला अर्थ येतो तो त्याच्या खाली काहीतरी वगळणारा नियम असेल तेव्हाच.

आता नमुन्यातली चिन्हं. तारा, म्हणजे ‘*’, तिरप्या रेघेपर्यंतच पोचते. एका फोल्डरच्या आत कितीही अक्षरं तिला चालतात, पण ती पुढच्या फोल्डरमध्ये उतरत नाही. ‘**’ तिरपी रेघही ओलांडते. नमुना तिरप्या रेघेने सुरू झाला तर तो नकलेच्या मुळापासून मोजला जातो, तुमच्या डिस्कच्या मुळापासून नव्हे. शेवटी तिरपी रेघ असेल तर नमुना फक्त फोल्डरला लागू पडतो. आणि फोल्डरच्या नावापुढे रेघ देऊन ‘***’ लिहिलं तर तो फोल्डर आणि त्याच्या आतलं सगळं, असा अर्थ होतो.

एवढं कळल्यावरही एक चूक हटकून होते. समजा, प्रयोगासाठी आपल्याला फक्त ओपनएसएसएलचा फोल्डर हवा आहे. साहजिकच पहिला नियम लिहिला जातो: घ्या ‘/पूल/मेन/ओ/ओपनएसएसएल/***’. दुसरा: वगळा ‘*’. आज्ञा चालते, काही क्षणांत संपते आणि हाती काहीच येत नाही. कारण आरसिंक वरून खाली उतरत जातो. त्याला सर्वांत आधी भेटतो ‘पूल’ हा फोल्डर. पहिला नियम त्याला लागू पडत नाही, कारण तो फार आतल्या पत्त्याबद्दल बोलतो. दुसरा लागू पडतो आणि पूल वगळला जातो. वगळलेल्या फोल्डरच्या आत आरसिंक पाऊलच टाकत नाही. वाड्याचा दिंडीदरवाजाच बंद असेल तर माजघराचं दार उघडं ठेवून उपयोग नसतो, तसंच हे. उपाय म्हणजे वाटेतलं प्रत्येक दार नावाने उघडणं: घ्या ‘/पूल/’, घ्या ‘/पूल/मेन/’, घ्या ‘/पूल/मेन/ओ/’, मग हवा तो फोल्डर, आणि शेवटी वगळा ‘*’. किंवा सुरुवातीलाच ‘*/’ घ्या असं सांगून सगळे फोल्डर उघडे ठेवायचे आणि रिकामे राहिलेले फोल्डर गाळण्याचा ‘प्रून-एम्प्टी-डर्स’ हा पर्याय जोडायचा.

३. आर्किटेक्चरवरून वगळणं

आता खऱ्या कामाकडे. आपल्याला फक्त एएमडी६४ हवं आहे. हे दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक तऱ्हा म्हणजे नको असलेल्यांची यादी: वगळा ‘*_आय३८६.डेब’, वगळा ‘*_आर्म६४.डेब’, वगळा ‘*_एस३९०एक्स.डेब’, असं एकेक. दुसरी तऱ्हा म्हणजे हव्या असलेल्यांची यादी: घ्या ‘*_एएमडी६४.डेब’, घ्या ‘*_ऑल.डेब’, आणि त्याखाली वगळा ‘*.डेब’. आजच्या तारखेला दोन्हींचा परिणाम सारखाच दिसेल. फरक पडतो तो काळ पुढे सरकल्यावर. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये ‘रिस्क-व्ही’ या नव्या घराण्याचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. पहिल्या तऱ्हेने नियम लिहिणाऱ्याच्या मिररमध्ये या घराण्याची पॅकेजेस आपोआप यायला लागतात, कारण त्यांना अडवणारा नियमच नाही. दुसऱ्या तऱ्हेच्या मिररला काहीच कळत नाही, आणि तेच हवं आहे. म्हणून आर्किटेक्चरसाठी ‘एवढंच घ्या, बाकी वगळा’ ही तऱ्हा मला निःसंशय श्रेष्ठ वाटते. फक्त ‘_ऑल’ विसरता कामा नये. ते विसरलं तर हजारो पॅकेजेस गळतात आणि साधा डेस्कटॉपही उभा राहत नाही.

या नियमांतून दोन गोष्टी मात्र निसटतात. इन्स्टॉलर वापरतो ती छोटी पॅकेजेस ‘.यूडेब’ या शेपटीची असतात, ‘*.डेब’ हा नमुना त्यांना लागू पडत नाही, म्हणून ती सर्व आर्किटेक्चरची येत राहतात. ती आकाराने लहान असल्याने हे चालवून घेता येतं, नाहीतर त्यांच्यासाठी तसेच तीन नियम लिहावेत. दुसरी गोष्ट सोर्स फाइलींची, म्हणजे ‘.डीएससी’ आणि ‘.टार’ गठ्ठ्यांची. त्या जागा खूप खातात आणि ज्याला पॅकेजेस स्वतः तयार करायची नाहीत त्याला लागत नाहीत. पण नुसतं ‘*.टार.*’ वगळा असं लिहिणं चुकीचं आहे. नेटवर्कवरून इन्स्टॉलेशन करण्यासाठी लागणारी ‘नेटबूट.टार.जीझेड’ ही फाइल डिस्ट्समध्ये असते आणि या नमुन्यात तीही सापडते. नियम पूलपुरता बांधायला हवा: वगळा ‘/पूल/**.टार.*’. नमुना किती लांबवर पोचतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं, त्याचं हे चांगलं उदाहरण.

इथे कोणी विचारेल की यादी आणि माल यांच्यातली फट इथेही पडलीच की. पडली, पण ती कोणाला दिसत नाही. एएमडी६४ चा संगणक स्वतःच्या आर्किटेक्चरचीच ‘पॅकेजेस’ फाइल मागतो. ३२-बिट प्रोग्रॅमसाठी कोणी आय३८६ मुद्दाम चालू केलं असेल तरच दुसरी यादी उघडली जाते. (वाइनवर जुने विंडोज प्रोग्रॅम चालवणारे अनेकजण ते चालू करतात, म्हणून आय३८६ वगळण्याआधी विचारून घ्यावं.) एका यादीतलं सगळं काही एक तर पूर्ण आहे किंवा पूर्ण नाही, आणि पूर्ण नसलेली यादी कोणी वाचत नाही. रिपॉझिटरी सांभाळणारे स्वतःही याच रेषेवर विभागणी करतात. डेबियनच्या ‘एफटीपीसिंक’ या मिरर-साधनात आर्किटेक्चर निवडण्याची खास सोय आहे. उबंटूने तर एएमडी६४ आणि आय३८६ मुख्य सर्व्हरवर आणि इतर आर्किटेक्चर ‘पोर्ट्स’ नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर अशी विभागणी अनेक वर्षं चालवली.

४. एक्सक्लूड आणि इन्क्लूड भिडतात तेव्हा

एका साधनाचा अनुभव दुसऱ्याला लावणं इथे महागात पडतं. एखादी फाइल इन्क्लूडमध्येही बसते आणि एक्सक्लूडमध्येही. मग निकाल कोणाच्या बाजूने? आरसिंकमध्ये जो नियम वर लिहिला त्याच्या बाजूने. फेडोरा आणि रेड हॅटच्या ‘डीएनएफ’मध्ये तसं नाही. तिथे ‘इन्क्लूडपीकेजीएस’ लिहिलं की त्यात न बसणारं सगळं आपोआप बाद होतं, आणि ‘एक्सक्लूडपीकेजीएस’ त्याच्यावरही वरचढ ठरतं. ‘पायथन*’ घ्या आणि ‘*.आय६८६’ वगळा असं लिहिलं तर आय६८६ चा पायथन मिळत नाही, मग ओळींचा क्रम काहीही असो. डेबियनसाठीच्या ‘डेबमिरर’मध्ये बरोबर उलट: वगळलेल्यांतून वाचवणं हेच इन्क्लूडचं काम, त्यामुळे दोन्ही लागू पडले तर फाइल येते. म्हणजे त्याच दोन ओळी तीन साधनांत लिहिल्या तर तीन वेगळे मिरर तयार होऊ शकतात.

नमुन्यांची भाषाही वेगळी असते. आरसिंक आणि डीएनएफमध्ये ‘*’ म्हणजे काहीही. डेबमिररमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालतं आणि त्यात ‘*’ म्हणजे तिच्या लगेच आधीचं अक्षर, शून्य किंवा कितीही वेळा. शिवाय रेग्युलर एक्स्प्रेशन फाइलीच्या नावात कुठेही जुळू शकतं. जावा नको म्हणून नुसतं ‘जावा’ वगळा असं लिहिलं तर ‘जावास्क्रिप्ट-कॉमन’ हे पॅकेजही जातं, आणि त्याचा जावाशी काही संबंध नाही. ते वेब सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांसाठी आहे. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेला तयार नियम उचलताना तो कुठल्या साधनासाठी लिहिला आहे हे पाहणं ही पहिली पायरी मानली पाहिजे.

५. पॅकेजच्या नावावर कात्री

आता सर्वांत मोहात पाडणारी कल्पना. आर्किटेक्चर वगैरे ठीक, पण आम्हाला लागणारी पॅकेजेस तर तीनशेच आहेत. त्यांच्या नावांची यादी करून तेवढीच आणली तर? किंवा उलट: खेळ नकोत, लिबरऑफिस नको, ती नावं वगळली तर? या कल्पनेत तथ्य नाही असं नव्हे. जागा खरोखरच प्रचंड वाचते. पण पॅकेज एकटं जगत नाही. त्याला लायब्रऱ्या लागतात, त्या लायब्रऱ्यांना आणखी काही लागतं. तीनशे पॅकेजांच्या डिपेन्डन्सी आज हिशोब करून काढता येतील. अडचण अशी की हा हिशोब टिकत नाही.

त्याचा भक्कम पुरावा म्हणजे डेबियन १३ मधलं एक मोठं नामांतर. युनिक्सच्या परंपरेत वेळ ही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. हा आकडा ३२ बिटांत साठवला तर १९ जानेवारी २०३८ रोजी जागा संपते. हे टाळण्यासाठी डेबियनने ३२-बिट आर्किटेक्चरवर वेळ ६४ बिटांत साठवायचं ठरवलं (अपवाद आय३८६ चा, जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ते तसंच ठेवलं). २०२४ मध्ये या बदलाचा परिणाम होणाऱ्या शेकडो लायब्रऱ्यांच्या नावापुढे ‘टी६४’ हे अक्षर-अंक जोडले गेले. ‘लिबएसएसएल३’ झाली ‘लिबएसएसएल३टी६४’. ‘लिबकर्ल४’ झाली ‘लिबकर्ल४टी६४’. आता पाहा, एएमडी६४ वर वेळ आधीपासूनच ६४ बिटांत होती, तिथे प्रश्नच नव्हता. पण नावं सर्व आर्किटेक्चरवर सारखी राहावीत म्हणून ती तिथेही बदलली. ज्याने घ्या ‘लिबएसएसएल३_*’ असा नियम लिहिला होता त्याच्या मिररमध्ये डेबियन १३ ची ही लायब्ररी येणारच नाही, आणि तिच्यावाचून वेब ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत कितीतरी गोष्टी अडतील. कारण काय, तर जगाच्या दुसऱ्या टोकाला ३२-बिट यंत्रांसाठी घेतलेला एक शहाणपणाचा निर्णय. नावांवर लिहिलेला नियम अशा बदलांच्या दयेवर असतो.

सुरक्षेच्या बाबतीत तर याहून गंभीर. डीएनएफ वापरणाऱ्या संगणकांवर ‘कर्नल*’ वगळण्याची पद्धत बरीच रूढ आहे, कारण कर्नल बदलला की एखादा ड्रायव्हर चालत नाही. एका संगणकावर, तात्पुरतं, कारण माहीत असताना हे समजू शकतं. तोच नियम मिररवर गेला की सगळ्या संगणकांचे कर्नल एकाच जागी थिजतात, आणि त्या संगणकांवर बसलेल्या कोणालाही याचा पत्ता लागत नाही. नवीन काही आलेलंच नाही असं त्यांना दिसतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ‘आमच्याकडे खेळ नकोत’, ‘हा कर्नल सध्या नको’ यांसारखे धोरणाचे निर्णय मिररच्या नियमांत घालू नयेत. ते संगणकाच्या सेटिंगमध्ये घालावेत, जिथे ते दिसतात आणि दोन मिनिटांत मागे घेता येतात.

मग कमी पॅकेजांचा मिरर करायचाच नाही का? करावा, पण यादी वाचणाऱ्या साधनाने. आरसिंकला फक्त फाइली दिसतात. डेबमिरर ‘पॅकेजेस’ यादी वाचून त्या रिलीजच्या फाइली तेवढ्याच पूलमधून उचलतो. एकच रिलीज हवं असेल तर हाच मार्ग, कारण पूलमध्ये रिलीजची रेष नाही हे आपण पाहिलं. ‘ऍप्टली’ आणखी पुढे जातं. त्यात पॅकेजांवर गाळणी लावता येते आणि गाळणीतून आलेल्यांच्या डिपेन्डन्सीही सोबत घ्या असं सांगता येतं. नंतर ते उरलेल्या पॅकेजांची नवी यादी तयार करतं आणि तुमच्या स्वतःच्या किल्लीने तिच्यावर सही करतं. यात यादी आणि माल पुन्हा जुळतात. त्याची किंमत अशी की ती किल्ली प्रत्येक संगणकावर बसवावी लागते आणि तिची जबाबदारी तुमची असते. मला ही किंमत योग्य वाटते. आरपीएम पॅकेजांच्या जगात, म्हणजे फेडोरा आणि रेड हॅटकडे, ‘रिपोसिंक’ने निवडक पॅकेजेस आणली तर ‘क्रिएटरेपो_सी’ने यादी नव्याने करावी. मूळ यादी उतरवून घेण्याचा पर्यायही रिपोसिंकमध्ये आहे, पण निवडक मिररसोबत तो वापरला की न आणलेल्या पॅकेजांच्या नोंदी परत येतात.

६. पुसणं आणि क्रम

जुन्या फाइली पुसल्या नाहीत तर मिरर फुगत जातो, म्हणून ‘डिलीट’ हा पर्याय जोडतात. इथे आरसिंकचा एक नियम ध्यानात ठेवावा: जे वगळलं आहे ते आपल्याकडे आधीपासून असेल तर डिलीट त्याला हात लावत नाही. आज आर्म६४ वगळायचं ठरवलं तरी काल आणलेली आर्म६४ पॅकेजेस डिस्कवर तशीच राहतात आणि जागा का मोकळी झाली नाही असा प्रश्न पडतो. तीही पुसण्यासाठी ‘डिलीट-एक्सक्लूडेड’ लागतो. पण त्यात धोका आहे. नियमात एक चूक आणि सोबत हा पर्याय, म्हणजे महिनोन्महिने उतरवलेला मिरर एका फेरीत साफ. नियम बदलल्यावर पहिली फेरी नेहमी ‘ड्राय-रन’ने, म्हणजे काहीही न बदलता फक्त काय होईल ते दाखवणाऱ्या पर्यायाने करावी, आणि पुसल्या जाणाऱ्या फाइलींची यादी डोळ्यांखालून घालावी.

क्रमही महत्त्वाचा. याद्या आधी आल्या आणि पॅकेजेस उतरायला दोन तास लागले तर त्या दोन तासांत यादी न आलेल्या मालाची ग्वाही देत राहते. म्हणून डेबियनचं साधन दोन टप्प्यांत चालतं: आधी पूलमधली नवी पॅकेजेस, मग डिस्ट्समधल्या याद्या, आणि जुन्याची साफसफाई सर्वांत शेवटी. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा.

७. एवढा खटाटोप कशाला?

दोन आक्षेप राहिले. पहिला: डिस्क आता स्वस्त आहेत, सगळंच आणून टाका. डिस्कपुरतं हे बरोबर आहे. पण फाइली कोणाच्या तरी सर्व्हरवरून येतात, आणि सार्वजनिक मिरर बहुतांशी विद्यापीठं आणि संस्था विनामूल्य चालवतात. आपण कधीही न वापरणाऱ्या आठ आर्किटेक्चरची पॅकेजेस रोज ओढणं हा त्यांच्यावर नाहक भार आहे. आपल्याकडची लाइन बारीक असेल तर पहिली नक्कल पूर्ण व्हायलाच अनेक दिवस लागतात, आणि त्या दिवसांत सुरक्षा अपडेट रांगेत थांबतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मिररच कशाला, ‘ऍप्ट-कॅशर-एनजी’सारखा कॅश सर्व्हर बसवा, जे कोणी मागेल तेच एकदा उतरेल आणि पुढच्याला तिथूनच मिळेल. इंटरनेट कायम उपलब्ध असेल आणि संगणक थोडे असतील तर हा सल्ला उत्तम आहे. तिथे वगळण्याचे नियम लिहिण्याची वेळच येत नाही. पण कॅशमध्ये जे कोणी मागितलं नाही ते नसतं. बाहेरच्या जगाशी तोडलेलं जाळं, तासन्‌तास बंद पडणारी लाइन, किंवा एकाच दिवशी शंभर संगणकांवर नव्याने इन्स्टॉलेशन करण्याची गरज, अशा ठिकाणी मिररच लागतो, आणि मिरर आला की नियम आलेच.

नियमांची फाइल लिहाल तेव्हा प्रत्येक ओळीच्या वर एक शेरा लिहा: हे का वगळलं, कोणी, कधी. मग एक रिकामा संगणक घ्या, त्याचं बाहेरचं इंटरनेट काढून टाका आणि फक्त तुमच्या मिररवरून त्याच्यावर संपूर्ण इन्स्टॉलेशन आणि अपडेट करून पाहा. ते विनातक्रार पार पडलं तर नियम ठीक आहेत. दर मोठ्या रिलीजनंतर ही चाचणी पुन्हा करा.